कुंडीचा सातबारा: देशी बागेसाठी नवशिक्यांची मार्गदर्शिका

ज्यांच्याकडे एक कुंडी, एक झारी आणि एक ठाम मत आहे अशा सर्वांसाठी ही मार्गदर्शिका आहे. पहिल्या दोन वस्तू नसल्या तरी अडत नाही. मी स्वतः देशी झाडांच्या बाजूला निव्वळ मताच्या बळावर दाखल झालो. कुंड्या आईच्या होत्या.

आधी शब्दाचं बघू. आमच्या भागात 'देशी' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं झाड येत नाही, कोपऱ्यावरचं दुकान येतं. नर्सरीतही फार वेगळी गत नाही. पुण्याहून सोलापूर रस्त्याला लागा. हडपसर मागं पडलं की उरुळी कांचनपर्यंत नर्सऱ्याच नर्सऱ्या. त्यांतल्या एकीत शिरून एखाद्या रोपाकडं बोट दाखवा आणि विचारा, "मामा, हे देशी आहे का?" उत्तर येईल, "एकदम देशी, साहेब. आपल्याच शेडमध्ये तयार केलंय." शेजारच्या रोपाबद्दल विचारा. "ते नाही. ते इम्पोर्टेड." रोपं दोन्ही एकाच जातीची. देशी ४० रुपयांना, इम्पोर्टेड ३५० ला. देशी म्हणजे स्वस्त, ही नर्सरीतली व्याख्या झाली.

आपली व्याख्या अशी: माणसानं उचलून आणण्याच्या आधीपासून जे झाड या मातीत आपलं आपण उगवत होतं, ते देशी. वाक्य सोपं आहे, पण यातल्या 'या मातीत' या दोन शब्दांवर माझे दोन मित्र तुटले आहेत. झाडांना भारताचा नकाशा ठाऊक नाही. देवदार शंभर टक्के भारतीय आहे, म्हणून तो कोथरूडच्या गच्चीत लावून पाहा. कोकम तर आपलंच, सह्याद्रीच्या पश्चिम उताराचं. पण पुण्यात वर्षाला जेमतेम ७०० ते ७५० मिलिमीटर पाऊस, आणि दीड-दोन तासांवरच्या ताम्हिणी घाटात त्याच्या कित्येक पट. तिथलं झाड एप्रिलमध्ये आमच्या गच्चीत आलं तर त्याला पुणं परदेशच. तेव्हा जाणकार 'देशी' म्हणत नाहीत, 'स्थानिक' म्हणतात. नवशिक्यांनी पहिले सहा महिने 'देशी' म्हणावं, मग 'स्थानिक' म्हणावं आणि 'देशी' म्हणणाऱ्यांकडं जरा दयेनं बघावं.

पायरी पहिली: झडती

एक वही घ्या. तिच्यात सातबाऱ्यासारखे रकाने आखा: झाडाचं नाव, मूळ गाव, कधीपासून कब्जा, आणि शेवटी 'इतर अधिकार'. हा शेवटचा रकाना तूर्त कोरा ठेवा. त्याचा उपयोग मलाही दोन वर्षांनी कळला.

आता एकेका कुंडीपुढं उभं राहून चौकशी सुरू करा. आमच्या गच्चीत ३१ कुंड्या. मी वही घेऊन फिरत होतो, आई खुर्चीत शेंगा निवडत बसली होती.

झेंडू. मूळ गाव मेक्सिको. बहुधा पोर्तुगीजांच्या जहाजांतून आला. मेक्सिकोत नोव्हेंबरच्या सुरुवातीला गेलेल्या माणसांच्या स्वागताला याच झेंडूच्या पाकळ्यांची वाट घालतात, आणि साधारण त्याच दिवसांत आपण त्याची तोरणं दाराला बांधत असतो. सदाफुली. मादागास्कर. कर्करोगावरची दोन औषधं हिच्यापासून निघाली, म्हणून जरा आदरानं लिहिलं. गुलबक्षीही अमेरिकेतली. पांढरा चाफा, ज्याला कुणी देवचाफा म्हणतं आणि जो प्रत्येक जुन्या देवळाच्या आवारात वाकून उभा असतो, तोही अमेरिकेतला. बोगनवेल ब्राझीलची, १७६७ मध्ये बूगनविल नावाच्या फ्रेंच दर्यावर्दीच्या सफरीतल्या मंडळींना ती रिओच्या बंदरात दिसली आणि कप्तानाचं नाव वेलीला चिकटलं. मनीप्लँट प्रशांत महासागरातल्या सोसायटी बेटांवरचा. म्हणजे सोसायटीतलाच, म्हणून त्याला थोडी सूट द्यावी असं मला वाटत होतं. पण आईनं तो शेजाऱ्यांच्या बाल्कनीतून गुपचूप तोडून आणला होता (चोरून आणल्याशिवाय पैसा येत नाही म्हणे), त्यामुळं कब्जाच बेकायदा निघाला.

जास्वंदीपाशी अडलो. गणपतीचं फूल. हिचं जंगली रूप जगात कुठंच सापडत नाही; माणसानंच कलमं करकरून वाढवत आणलेली जात. मूळ गावाच्या रकान्यात काय लिहावं? शेवटी 'माहेर नाही' असं लिहिलं. आई म्हणाली, "खोड. असं लिहू नये कुणाबद्दल."

दिवसाखेर तुळस, कढीपत्ता, मोगरा, अबोली, पारिजातक आणि ड्रममधला सोनचाफा, एवढी सहा सुटली. पंचवीस कुंड्या कठड्याच्या दुसऱ्या बाजूला नेऊन ओळीनं मांडल्या आणि मी जाहीर केलं, की रविवारी हे सगळं जाणार. आई शेंगा निवडत राहिली. रविवार यायच्या आत आषाढी आली.

पायरी दुसरी: घरच्यांना विश्वासात घेणे

ही पायरी एकादशीच्या दिवशी घेऊ नये. मी नाश्त्याच्या ताटलीसमोर बसून परक्या झाडांनी आपल्या निसर्गाचं काय केलं यावर बोलत होतो. बायको ऐकत होती. मग तिनं माझी ताटली उचलली आणि माझ्याच वहीतून वाचायला लागली. साबुदाणा कशाचा? टॅपिओकाच्या कंदाचा, दक्षिण अमेरिका. दाण्याचं कूट? दक्षिण अमेरिका. बटाटा? तोही तिथलाच, नुसतं झाडच नाही, 'बटाटा' हा शब्दही पोर्तुगिजांकडून घेतलेला. मिरची? मेक्सिको. जिरं तेवढं जवळचं, पण तेही भूमध्य समुद्राच्या बाजूचं. तिनं ताटलीत उरलेलं माझ्यापुढं ठेवलं. तूप आणि मीठ उरलं होतं.

आपल्या उपासाचं बहुतेक ताट पाचशे वर्षांपूर्वी आपल्याकडं नव्हतं. ज्या पदार्थांवर बंदी घालायला पूर्वजांना संधीच मिळाली नाही ते उपासाला चालू लागले, असा माझा एक सिद्धान्त आहे. पुराव्याविना आहे, म्हणून घरात तो मोठ्यानं मांडत नाही.

नवशिक्यांनी इथं शिकायचं ते हे, की चारशे वर्षं कसत आलेल्या कुळाला एका रविवारी जमिनीवरून उठवता येत नाही. आपल्याकडं त्यासाठी कायदा आहे. झेंडूचं नाव कधीच सातबाऱ्यावर लागलंय. तो आपणहून डोंगरात पसरत नाही, कुणाची जागा बळकावत नाही, दसऱ्याला मागणी असते तेव्हा शेतकऱ्याला दोन पैसे देतो. अशांना वहीत 'कूळ' म्हणून लिहा आणि पुढं चला. पंचवीसांतल्या बहुतेक कुंड्या मी त्या संध्याकाळी पुन्हा जागेवर आणल्या. लिफ्ट बंद असल्याचं निमित्त सांगितलं. गच्ची आणि आमचं घर एकाच मजल्यावर आहे, हे कुणी काढलं नाही.

पायरी तिसरी: नावाला भुलू नका

देशीपणाची परीक्षा नावावरून घेणारे सगळ्यात आधी फसतात. सीताफळ आणि रामफळ. वनवासाच्या गोष्टी जोडलेली ही दोन्ही फळं अमेरिकेतून आलेली. हे सासवडच्या बाजारात ऑक्टोबरमध्ये टोपल्या मांडून बसलेल्या मावशींना सांगू नका. मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग सीतामाई काय अमेरिकेत गेली होती का?" आणि किलोमागं १० रुपये वाढवले. याउलट 'सीतेची वेणी' ही खरोखरच आपल्या झाडांवर वाढणारी आमरी आहे. (ती महाबळेश्वरहून फांदीसकट काढून आणायची नाही. ही सूचना विनोदी नाही.)

सोसायटीच्या कंपाउंडला शिपायांसारखी जी उंच, हिरवी, शिडशिडीत झाडं उभी असतात त्यांना सगळे अशोक म्हणतात. तो अशोक नव्हे. तो आसुपालव, खोटा अशोक. खरा सीताअशोक नारिंगी-लाल फुलांचे गुच्छ थेट जाड फांद्यांवर काढतो, आणि ज्या शहरात 'अशोक' नावाच्या डझनभर इमारती आहेत तिथं ते झाड मात्र शोधावं लागतं. दसऱ्याला 'सोनं' म्हणून जी पानं गठ्ठ्यानं विकली जातात त्यांत आपट्याबरोबर बिचाऱ्या कांचनाच्याही फांद्या जातात. पान मोठं असतं, वजन भरतं. आणि १ मे ला, महाराष्ट्र दिनाच्याच दिवशी, साताऱ्यात गुलमोहर दिन साजरा होतो. गुलमोहर मादागास्करचा. राज्याचं फूल तामण. तेही नेमकं त्याच दिवसांत जांभळं होऊन फुललेलं असतं, पण त्याचा फोटो काढायला सहसा कुणी थांबत नाही.

गुलमोहराविरुद्ध माझ्या मनात काही नाही. त्याच्या सावलीत मी सातवी ते दहावी सायकल लावली आहे.

पायरी चौथी

ही पायरी आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत मांडली होती. ती पुढच्या सभेपर्यंत तहकूब आहे.

पायरी पाचवी: अतिक्रमण ओळखणे

आता जरा गंभीर व्हा. कूळ वेगळं आणि कुंपण सरकवत सरकवत तुमच्या अंगणात येणारा वेगळा. परक्या झाडांतली बहुसंख्य निरुपद्रवी असतात. पण थोडी अशी निघतात, की त्यांना एकदा मोकळी जमीन दिसली की संपलं.

घाणेरी पाहा. कोकणात टणटणी. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात आली ती शोभेचं झाड म्हणून, कुणातरी तुमच्या-माझ्यासारख्या हौशी माणसाला तिचे लाल-पिवळे गुच्छ आवडले म्हणून. गुरं तिला खात नाहीत, खाल्ली तर आजारी पडतात. फळं बुलबुल खातात आणि बिया रानभर टाकतात. आज देशातल्या वाघांच्या जंगलात हिंडलात तरी पायाखाली घाणेरी. जिथं हरणांनी चरायचं गवत असायला हवं तिथं तिच्या काटेरी जाळ्या. आणि नर्सरीत तिचीच बुटकी, पिवळी, गोंडस भावंडं 'लँटाना, बॉर्डरसाठी बेस्ट' अशी पाटी लावून ठेवलेली असतात.

जलपर्णीही अशीच, जांभळ्या फुलासाठी ॲमेझॉनच्या खोऱ्यातून आणलेली. तिचं काय झालं ते पवना, मुळा आणि इंद्रायणीच्या पुलांवरून रोज जाणाऱ्यांना सांगायला नको. पाण्यावर पसरलेला तो हिरवा गालिचा बघून बाहेरगावचे पाहुणे "काय छान लॉन केलंय हो" म्हणतात.

गाजरगवताचा मान पुण्याचा. अमेरिकेतून आलेलं हे गवत भारतात पसरतंय हे पहिल्यांदा लक्षात आलं ते १९५०च्या दशकात, पुण्यात. पुण्यात जे जे देशात पहिल्यांदा झालं त्याची यादी कुठलाही पुणेकर झोपेतून उठवला तरी म्हणून दाखवतो, पण त्या यादीत हे नाव मी अजून ऐकलेलं नाही. अंगाला खाज, नाकाला शिंका, शेताला उपद्रव. त्याला खाणारं इथं कुणीच नव्हतं. अखेर १९८४ मध्ये त्याला खाणारा भुंगाही मेक्सिकोहूनच आणावा लागला. जावई आणला आणि मग त्याला आवरायला व्याहीही बोलवावे लागले, तसला प्रकार.

आणि गिरिपुष्प, म्हणजे आपली उंदीरमारी. मध्य अमेरिकेतलं झाड. पटकन वाढतं, गुरं सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून टेकड्या हिरव्या करायला सोयीचं. पुण्याच्या टेकड्यांवर ते लावलं गेलं आणि टेकड्या हिरव्या झाल्याही. फक्त त्या हिरव्याखाली दुसरं फारसं काही उगवेना. फेब्रुवारीत ते फिकट गुलाबी फुलतं, आणि मग दर वर्षी कुणीतरी 'पुण्यातला चेरी ब्लॉसम' म्हणून फोटो पाठवतं. मला पाठवणाऱ्यांत माझी मोठी बहीण आहे. तिला मी हार्ट पाठवतो. चळवळ एका जागी, बहीण एका जागी.

या यादीतलं प्रत्येक झाड कुणीतरी चांगल्या हेतूनं लावलेलं आहे. अजूनही तेच चाललंय. आमच्या फाटकापाशी सेक्रेटरींनी कोनोकार्पसची भिंत उभी केली. झटपट वाढतो, बारमाही हिरवा, बाहेरचं काही दिसत नाही. गुजरात सरकारनं २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली, हे मी त्यांना कात्रणासकट दाखवलं. ते म्हणाले, "आपण गुजरातमध्ये राहत नाही."

तर वहीत 'अतिक्रमण' असा शिक्का करा आणि तो झेंडूवर, गुलाबावर, पेरू-पपईवर उगीच मारत सुटू नका. घाणेरी, जलपर्णी, गाजरगवत, उंदीरमारी, सुबाभूळ, कोनोकार्पस. यांना मात्र घरात, दारात, भेट म्हणूनही घेऊ नका. मत्स्यालयातली जलपर्णी नकोशी झाली म्हणून नदीत 'मोकळी' करू नका.

पायरी सहावी: अळी

बागकामाच्या इतर सगळ्या पुस्तकांत हे प्रकरण 'कीड व रोग' या मथळ्याखाली असतं आणि त्यात फवारणीचं प्रमाण दिलेलं असतं. इथं ते मुख्य प्रकरण आहे.

मी सहा देशी कुंड्यांची काळजी घेत होतो आणि एका सकाळी कढीपत्त्यावर चिमणीची शीट पडलेली दिसली. पुसायला गेलो तर शीट चालायला लागली. चार दिवसांत ती हिरवीगार, जाडजूड अळी झाली. बोटानं हलकेच डिवचलं तर मानेमागून दोन नारिंगी शिंगं बाहेर काढली आणि असा उग्र वास सोडला, की मी झारी टाकली. आठवड्यात झाडाचा शेंडा साफ. आमच्या घरी आमटी बिनपानाची झाली आणि त्या रात्री देशी झाडांच्या चळवळीवर घरात पहिला अविश्वास ठराव आला.

इथं नवशिक्यांनी थोडं वनस्पतिशास्त्र शिकून घ्यावं; घरच्यांपुढं उपयोगी पडतं. झाडाला पळता येत नाही, म्हणून ते आपल्या पानात विष कालवून ठेवतं. कुणाचं पान कडू, कुणाचा चीक जहाल, कुणाचा वास नकोसा. एखाद्या किड्याची जात हजारो वर्षं त्याच पानाशी झटत राहते आणि ते विष पचवायला शिकते. पण ते शिक्षण त्या झाडापुरतं आणि त्याच्या भाऊबंदांपुरतंच. रुईचा चीक डोळ्यात गेला तर माणसाला डॉक्टर गाठावा लागतो, आणि प्लेन टायगर नावाच्या केशरी फुलपाखराची अळी तीच पानं खाऊन वर ते विष अंगात मुरवून ठेवते. लिंबाच्या कुळातल्या झाडांना, म्हणजे लिंबू, पपनस, कढीपत्ता यांना, मॉर्मन आणि लाइम फुलपाखरं शोधत येतात. आपलं राज्य फुलपाखरू ब्लू मॉर्मन, २०१५ मध्ये जाहीर झालेलं, त्याची अळीही याच कुळावर. फुलपाखरू मोठं झालं की मध कुठलाही पितं, अगदी घाणेरीचाही. हॉटेलात कुणीही जेवतं. पण बाळाला मानवतं ते घरचंच.

आता परक्या मुलखातून एकट्यानं आलेलं झाड घ्या. ते आपलं विष बरोबर घेऊन येतं, आणि ते पचवणारा किडा मागं बंदरावर राहतो. म्हणून त्याची पानं अशी निष्कलंक, चकचकीत, एकही भोक नसलेली. नर्सरीवाला सांगतो, "याला कीड लागत नाही साहेब," आणि आपण खूश होऊन दोन घेतो. घाणेरीनं जंगल जिंकलं तेही याच जोरावर. आणि २० मार्चला चिमणी दिनाचं लाकडी घरटं गच्चीत टांगून आपण वाट बघतो. चिमणी स्वतः दाणे खाते, पण पिलांना किडे-अळ्या भरवते. जिथं एकाही पानाला भोक नाही, त्या गच्चीत ती बाळंतपण कशाला करील? खोली फुकट आणि खानावळ बंद.

सेक्रेटरींना मी हे सगळं जिन्यात समजावून सांगितलं. ते म्हणाले, पुढच्या मंगळवारी पेस्ट कंट्रोलवाले येणार आहेत, तुमच्याही गच्चीत पाठवतो. मी त्या मंगळवारी गच्चीला कुलूप लावून ऑफिसला गेलो. एवढं एकच धाडस माझ्या नावावर आहे.

मग माझी जिरली ती पानफुटीवरून. पानफुटी मादागास्करची, कुळांच्या यादीतलीसुद्धा शेवटची. आईनं मूतखड्यावरची म्हणून कोपऱ्यात ठेवलेली. पावसाळ्यानंतर तिची मांसल पानं पारदर्शक होऊ लागली, आतून कुणीतरी पोखरून खातंय अशी. मी आनंदानं वहीत लिहिलं, 'रोगट, काढून टाकणे.' काढायला गेलो तर पानावरून एक चिमुकलं फुलपाखरू उडालं. पंखांची खालची बाजू पांढरी, वर काळे ठिपके, काठाला शेंदराचा पट्टा. रेड पिएरो. त्याची अळी पानाच्या आत राहूनच पान खाते. पानफुटीच्या काही चुलतबहिणी आपल्या सह्याद्रीत उगवतात. त्या ओळखीवर या फुलपाखरानं मादागास्करच्या पाहुणीलाही नात्यात घेतलंय. माझ्या वहीला ते नातं ठाऊक नव्हतं.

त्या दिवशी 'इतर अधिकार' हा रकाना कामाला आला. पानफुटी: भोगवटादार आई, कूळ मादागास्कर, इतर अधिकार रेड पिएरो. कढीपत्ता: इतर अधिकार मॉर्मन. रुई: प्लेन टायगर. स्नेक प्लँट: इतर अधिकार, कुणाचेही नाहीत. तेव्हापासून मी झाडाचं गाव दुसऱ्यांदा विचारतो. पहिल्यांदा विचारतो, तुला खातं कोण?

पायरी सातवी: खरेदी

भाद्रपदात मंडईबाहेर जी पत्री विकतात ती देशी झाडांची जुनी यादीच आहे. आघाडा, रुई, शमी, बेल, डोरली. (देवदारही आहे. तो पुण्यात कुठून आणायचा ते गुरुजींना विचारावं.) बहुतेक पत्री कुंपणाकडेला फुकट उगवते आणि वर्षातून एक दिवस १० रुपये जुडी होते. तेरड्याचं बी गौरी उठल्यावर जमवून ठेवा. शेंग पिकली की बोट लावताच फटकन फुटते, तेव्हा मुलांना या कामाला लावलं तर ती दिवसभर हलत नाहीत.

स्पायडर प्लँटसाठी १५० रुपये मोजणाऱ्यांना एक बातमी. आफ्रिकेतल्या त्या झाडाची सख्खी चुलतबहीण आपल्या डोंगरात पहिल्या पावसाला उगवते. तिला फोडशी म्हणतात आणि तिची भाजी करतात. याच घराण्यातल्या पांढऱ्या मुसळीच्या शास्त्रीय नावात तर चक्क आपली बोरिवली आहे. फोडशी नर्सरीत मिळत नाही, कारण तिला कुणी इंग्रजी नाव दिलेलं नाही.

घरातल्या हवेसाठी म्हणून झाडं घेणाऱ्यांचा एक वेगळा पंथ आहे. ते नासाचा दाखला देतात. नासाचा तो अभ्यास १९८९ चा, बंद पेटीतला. साध्या खोलीत तेवढा परिणाम हवा असेल तर चौरस मीटरला दहापासून हजारापर्यंत झाडं लागतील असा हिशोब २०१९ मध्ये निघाला. त्यापेक्षा खिडकी उघडा. डास येतील. ते पूर्णपणे देशी असतात.

आणि देशीचाही अतिरेक करू नका. आमच्या मागच्या रस्त्यावर एका उत्साही माणसानं ओळीनं चाळीस सप्तपर्णी लावले. सातवीण, सह्याद्रीतलं घरचं झाड, कागदोपत्री निर्दोष. दिवाळीच्या सुमारास ती चाळीस झाडं एकदम फुलतात आणि सारा रस्ता डोकं धरून बसतो. रानात ते झाड एकटं, दहा जातींच्या गर्दीत उभं असतं. तिथं त्याचा वास सुगंध वाटतो. रांगेत उभं केलं की देशी झाडही पलटणीसारखंच वागतं. जागा असेल तर एक लावा आणि शेजारी दुसरंच काहीतरी.

रोजची निगा

पाणी सकाळी. शेणखत वर्षातून दोनदा, पावसाळ्याच्या तोंडावर आणि दिवाळीनंतर. पालापाचोळा झाडून टाकू नका, कुंडीतच राहू द्या. शेजारी विचारतील तर 'आच्छादन' म्हणा, शब्द जड असला की तक्रार होत नाही. मावा आणि पिठ्या ढेकूण यांच्यावर नीमतेल चालेल, पण आधी कुंडीच्या कडेला बसलेल्या सरड्याला आठवडाभर संधी द्या.

कढीपत्ता तोडताना पान उलटून बघा. अळी असेल तर शेजारची डहाळी घ्या. तिच्यावरही असेल तर त्याच्या पुढची. सगळ्याच झाडावर असेल तर आत जाऊन सांगा, की आज फोडणी नुसत्या मोहरीची.

मोहरी कुठली, हे वहीत बघायला जाऊ नका.